पुंजाजींची श्वासाची नळी

पुंजाजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या दुकानात उभे राहून सायकलची ट्यूब हुंगत होते.

माझं दुकान शेलूबाजारला, सडकेच्या कडेला. चार बल्ल्या, वर टिनाचं छप्पर आणि खाली मी. गावात सायकली मोजक्याच. पण त्यांची पंक्चरं मीच काढत असल्यामुळे त्या दुसऱ्या दिवशी हमखास परत येत. धंदा असा बरा चालला होता.

त्या दुपारी हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस आत शिरला आणि रामराम न करता म्हणाला, "ट्यूब दाखव." मी नवीकोरी काढून दिली. त्यांनी ती नाकाशी नेऊन डोळे मिटले. मग ताणली. मग दुमडली, आणि दुमडीची जागा उजेडाकडे धरून अशी निरखली, की मुलगी पाहायला आलेली वरमाय त्यांच्यापुढे भोळी वाटावी. शेवटी कानाला लावली.

"सायकल कोनती हाय तुमची?" मी विचारलं.

"सायकल कोनापाशी हाय?"

"मंग ट्यूब कायले?"

"दम घ्याले."

बिचाऱ्याला ऊन लागलं, असं म्हणून मी माठातलं पाणी पुढे केलं. ते त्यांनी घटाघटा पिऊन टाकलं आणि ट्यूब माझ्या अंगावर परत टाकली.

"म्हातारी हाय तुही ट्यूब. दुमडली का कपायावर आठ्या येतात. कुठं ठेवतो? टिनाखाली? तुले कोनी टिनाखाली टांगून ठेवलं तं तू तरनाताठा राहशीन काय बे?"

मी दुखावलो. पण संध्याकाळी दुकान आवरताना एक ट्यूब हळूच दुमडून पाहिली. आठ्या होत्या.

पुंजाजी मूळचे इथलेच. तरुणपणी मुंबईला गेले, गोदीत चिकटले आणि तीस वर्षांनी परतले. गोदीत बोटींच्या बुडाशी कामं करायला पाणबुडे उतरत. त्या खात्यात पुंजाजी होते. मुंबईहून येताना लोक ट्रंक आणत, आरसा आणत, फार तर बिघडलेलं घड्याळ आणत. पुंजाजींनी आणला मोडीत निघालेला पाणबुड्याचा संच. दोन दांड्यांचा हातपंप, त्याला जोडलेली लांबच लांब काळी रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला पानाच्या डब्याएवढी एक पितळी डबी. डबीतून आणखी एक आखूड, घड्याघड्यांची नळी निघे आणि दातात धरायच्या रबरी बोंडीपाशी संपे. वरून पंपानं हवा मारायची, खालच्या माणसानं बोंडीतून ओढायची. ओढली तरच डबी हवा सोडे, एरवी गप्प.

"गरीब डबी हाय," पुंजाजी म्हणत. "मांगितल्याबिगर देत नाही, अन् मांगितलं तं नाही म्हनत नाही. असं मानूस दाखव मले एखांदं."

समुद्र आमच्यापासून इतका लांब, की गावातल्या निम्म्या लोकांचा त्याच्यावर विश्वासही नव्हता. तेव्हा या संचाला काम असं काहीच नव्हतं. पण त्यानं पुंजाजींचं काम कमी होत नव्हतं. मुंबईच्या दमट हवेत वाढलेलं रबर आमच्या उन्हात तडकू लागलं, आणि पुंजाजी दर उन्हाळ्याला घरच्या घरी नळ्या बदलू लागले. आमच्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे नळीला 'नयी' म्हणतात. गावात पुंजाजी दिसले की लोक रामराम म्हणायच्या ऐवजी विचारत, "काय पुंजाजी, नयी बदलली काय?" आणि पुंजाजी अगदी गंभीरपणे सांगत, "मोठी झाली. लहानी उद्या."

माणसाला त्याच्या वस्तूच्या नावानं हाक मारायची त्यांची सवय होती. हॉटेलवाला त्यांच्या लेखी 'शेगडी', पोस्टमन 'झोळा' आणि मी 'ट्यूब'. "ए ट्यूब! उद्या सकाळी घरी ये. हात धुवून ये." त्या एका वाक्यानं मी त्यांच्या अंगणात जायला लागलो, आणि का जात राहिलो हे मला आजही नीट सांगता येणार नाही. गिऱ्हाईक नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण पारबताकाकू.

पारबताकाकू म्हणजे पुंजाजींची बायको. तीस वर्षं नवरा मुंबईला आणि ही इथं एकटी शेत राखून, पोरी उजवून बसलेली. नवरा परत आला तेव्हा तिला वाटलं, आता दोघं मिळून सुखानं भांडू. तर त्यानं खाटेखालच्या गार जागेवर नळीचं वेटोळं ठेवलं आणि तिथल्या लोणच्याच्या बरण्या बाहेर काढल्या.

"नयीले खाटेखाली थंडक, अन् माह्या लोनच्याले ऊन!" काकू मला पंच मानून सांगत. "तूच सांग भाऊ, नयी भाकरीसोबत खाता येते काय?"

"लोनचं नाकात घालून दम घेता येते काय?" पुंजाजी आतून विचारत.

नळी बदलायची म्हणजे अंगणात पूजा मांडल्यासारखी तयारी. स्वच्छ पोतं अंथरायचं. जुनी नळी ओढून काढायची नाही, पात्यानं उभी चिरून सोलायची. ओढाओढीत पितळेच्या तोटीला ओरखडा आला तर नवी नळी तिथूनच दगा देते. मग तोटी राखेनं घासायची, बोटाच्या पेरानं चाचपायची. नव्या नळीच्या तोंडाला साबणाचा फेस लावायचा, आणि ती एकाच बाजूला पिळत पिळत चढवायची. वरून कापडाची पट्टी आणि पट्टीवर तार, म्हणजे तार रबराला चावत नाही.

"आवय, पन गया दाबू नको," ते मला सांगत. "तुले पंक्चरचा राग हाय तो नयीवर कायले काढतो?"

सगळ्यात शेवटी परीक्षा. नळीचं टोक बंद करायचं, पंप मारायचा आणि हातहात नळी पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे. तीही सरळ नाही, वाकवून. कारण चीर सरळपणी तोंड मिटून बसते आणि वाकवली की बोलते. आणि अंगणात एवढं खोल पाणी असलेलं एकच भांडं होतं, ते म्हणजे काकूंचा प्यायच्या पाण्याचा रांजण.

"माह्या रांजनात घातली! अवो, पुन्हा घातली त्या मेलीले माह्या रांजनात!"

"चूप. बुडबुडा आला का पाहू दे."

"पाहुने पानी पेऊन राह्यले अन् तोंड वाकडं करून राह्यले. मागच्या बारीनं जवाई इचारत होते, मामी, विहिरीत टायर पडलं काय म्हून."

"जवायाले सांग, ते पानी तपासलेलं हाय."

अशाच एका उन्हाळ्यात माझ्या हातून तो प्रकार घडला. मोठी नळी डबीच्या तोटीवर चढेना. पुंजाजी साबण शोधायला आत गेले. मी बळ लावलं, कुथलो, बोटं सोलून घेतली. समोर देवळीत दिव्याजवळ तिळाच्या तेलाची कुपी होती. मी म्हटलं, साबण काय आणि तेल काय, बुळबुळीतपणा महत्त्वाचा. दोन थेंब लावले. नळी अशी सरकन गेली की मला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटलं.

पुंजाजी साबण घेऊन आले. "चढली?"

"चढली."

"साबनाबिगर?"

"जोर लावला."

त्यांनी माझ्या दंडांकडे पाहिलं. तिथं पाहण्यासारखं फारसं नव्हतं. मग वरून पट्टी-तार बांधली, काकूंचं मोठं घंगाळ पाण्यानं भरलं, डोळ्यांवर पाणबुड्याचा काचेचा चष्मा चढवला, बोंडी दातात धरली आणि घंगाळात डोकं बुडवून ओणवे बसले. मी पंप मारू लागलो. सुरुवातीला छान चाललं. मग मी जरा हौसेनं मारू लागलो.

फाट! नळी डबीवरून सुटली आणि जिवंत जनावरासारखी अंगणभर नाचली. तिनं आधी घंगाळाला मारलं, मग मला मारलं, आणि मग खाटेवर वाळत घातलेल्या काकूंच्या कुरडयांवरून एक लांब वळसा घेतला. खाट एका अंगावर झाली. शेजारची शेळी जणू निरोप मिळाल्यासारखी हजर झाली.

पुंजाजींचं डोकं पाण्यातून वर आलं. मिशा गळत होत्या. ते काकूंच्या ओरडण्याकडे पाहिनात, शेळीकडे पाहिनात. त्यांनी सुटलेल्या नळीचं तोंड उचललं, हुंगलं, आणि वैद्यानं नाडी सांगावी तसं सांगितलं, "तीय."

मी देवळीकडे पाहायचं टाळलं.

"तीयाचं तेल. दिव्याचं. तेलानं चढते तशी तेलानंच उतरते, त्याच्यावर तार काय करीन? अन् रबराले तेल पाजलं का त्याचं पोट फुगते."

काकूंनी मला कुरडयांबद्दल जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुंजाजींनी मात्र नळीचा तो तेलकट तुकडा कापला आणि माझ्या दुकानात, गिऱ्हाइकाला समोरच दिसेल असा, खिळ्याला टांगला. थोड्या दिवसांत तो जळवेसारखा फुगला, मऊ पडला, चिकट झाला. गिऱ्हाईक विचारे, "हे काय हाय?" मी काही बोलायच्या आत बाकड्यावर बसलेले पुंजाजी सांगत, "यानं तेल पाजलं त्याले." तुकडा काढायची मला मनाई होती.

संध्याकाळी ते हॉटेलात बसत आणि खालच्या जगाच्या गोष्टी सांगत. "खाली आवाज नसते. बोटीचं बूड म्हंजे उलटा डोंगर. हात लावला तं शेवायानं बुळबुळ लागते." लोक चहा विसरून ऐकत. कोणी विचारी, "पुंजाजी, मोठे मासे पाह्यले असतीन?"

"मासे कोन पाह्यते? हवा पाहा लागते."

याला आम्ही थोरांचा विनय समजत होतो.

आता महादूच्या इंजिनाकडे येतो. महादूचा मळा गावाबाहेर ओढ्याकाठी. वांगी, भेंडी, काकडी, कोथिंबीर. बाजाराला जी हिरवी भाजी येई त्यातली निम्मी त्याच्या मळ्यातली. विहिरीवर मोट चाले. एका वर्षी महादूनं मनात घेतलं आणि बैलजोडी विकून, मोट मोडून, तेलावर चालणारं इंजिन आणलं. गावातलं पहिलंच. पुंजाजींनी त्याच दिवशी महादूचं नाव बदलून 'इंजन' केलं. महादूची म्हातारी आई गिरजाबाई मात्र इंजिनाकडे पाठ करून बसे. घरात सवत आणल्यासारखी वागे त्याच्याशी.

दोन महिने पाणी धबाधबा आलं. मग भर जेठात, वांग्याला फळ धरलेलं असताना, इंजिन भकभक करी, धूर सोडी आणि पाणी थेंबभर येईना. मिस्त्री आला, पाहून म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे. विहिरीच्या तळाशी नळाला जी झडप असते, पाणी वर घेणारी आणि खाली न सोडणारी, ती अडकली. नळ वर ओढावा तर तो खालच्या कपारीत असा बसलेला की दहा माणसांना हलेना. पाणी दोन पुरुष खोल. बैल नाहीत, मोट नाही, आणि वांगी माना टाकू लागलेली.

महादू माझ्या दुकानात धावत आला. पुंजाजी बाकड्यावर होते. महादूनं सरळ त्यांचे पायच धरले.

"पुंजाजी, तुमची नयी काढा. मया वायून राह्यला. दोन दिवसात पानी नाही भेटलं तं सरलं सगयं."

मी पाहिलं, पुंजाजींचा चेहरा आधी फुलला. मग कुठल्याशा विचारानं जरा आखडला. पण म्हणाले, "चाल."

बैलगाडीत पंप चढला, नळीचं वेटोळं पुंजाजींच्या मांडीवर बसलं, आणि मागून सगळं गाव. दहा वर्षं ज्या नळीला हसले, ती आज कामाला निघाली होती. पारबताकाकूही आल्या, भांडण अर्धवट राहिलं होतं म्हणून.

विहिरीच्या काठावर पुंजाजींनी मांड मांडली, आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "हं. कोन उतरते?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. महादू म्हणाला, "कोन म्हंजे? तुमी!"

"मी वर पाह्यजे ना नयीपाशी. खाली पोहनारा द्या कोनी."

गावात नारायण नावाचा पट्टीचा पोहणारा होता, विहिरीत उडी मारून घागरी काढणारा. त्याला पुढे केलं. त्यानं चष्मा लावला, बोंडी दातात धरली, पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, डोकं बुडवलं, आणि दुसऱ्या क्षणी नळीसकट हात-पाय झाडत वर आला.

"माह्यानं नाई होत! दम रोखून रायतो मी पाहिजे तेवढा. पन पान्याखाली दम घ्याचा म्हंजे... छातीवर कोनी बसल्यावानी वाटते बाप्पा!" तो काठावर चढून गेला आणि परत उतरायचं नाव घेईना.

"पुंजाजी," मी म्हटलं, "तुमाले तं तीस वर्साची सवय हाय."

पुंजाजी नळीकडे पाहत होते. मग एकदम आमच्यावरच खेकसले, "मी उतरलो म्हून कधी सांगतलं तुमाले? सांगतलं काय कधी? मी वरचा मानूस होतो! वर नयी धरून बसाचो. खाली जाचे ते दुसरे. वर आले का सांगाचे मले, तेच म्या तुमाले सांगतलं. पाह्यलं म्हून कधी म्हनलो काय मी?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळीकडे हसू पसरलं. हसलो मीही, खोटं कशाला बोलू. एकट्या महादूला हसू येत नव्हतं. तो मळ्याकडे पाहत होता.

आणि पारबताकाकू कमरेवर हात ठेवून पुढे आल्या.

"अवो! तीस वर्स मी रोज देवापुढं दिवा लावून राह्यली, का मानूस समुद्रात उतरते म्हून! अन् तुमी वर बसून राह्यले होते?"

"वर बी भेव असते!"

"कायचं भेव? ऊन लागाचं?"

पुंजाजींचा आवाज खाली आला. "खालच्याले एकाच गोष्टीचं भेव, सोताचं. वरच्याच्या हातात दुसऱ्याचा दम असते. एकदा फुटली नयी. माह्या हातात होती. काढला त्याले वर, जगला तो. पन मले पाहून पाठ फिरवे मंग. त्याच्या पहिले एक दिवस म्या म्हनलं होतं, हे नयी आनखी महिनाभर चालते."

हसणं थांबलं. विहिरीत पाणी गार, काळं आणि गप्प होतं. महादूनं आता हात जोडले नाहीत. त्याचे हात पंपाच्या दांड्यावर होते, तसेच राहिले. पुंजाजींनी मळ्याकडे एकदा पाहिलं, नारायणकडे एकदा, आणि सदरा काढायला लागले. वाळक्या बरगड्या, पांढरे केस. 

धोतराचा काचा मारून झाला, लोक श्वास रोखून बसले, आणि पुंजाजी परत खाली बसले.

"ट्यूब, पोतं अंथर. लहानी नयी बदला लागते."

"आता?" महादू जवळजवळ रडला. "पुंजाजी, वांगे मरून राह्यले हो!"

"या नारायनानं हिसडली, घडीत चावली. हे पाहा, दात उमटले. मले नयी पाह्यजे, त्याचे दात नाई."

आणि भर उन्हात, अख्खं गाव ताटकळत असताना, त्यांनी जुन्या बाजारातून आणून ठेवलेली घडीची नळी पिशवीतून काढली. चिरणं, सोलणं, राख, फेस, सगळं यथासांग. शेवटी नळी चढवायची वेळ आली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"तू चढव. साबनानं."

मी इतका साबण लावला की उरलेल्यात एक धोतर धुऊन निघालं असतं. एकाच बाजूला पिळत पिळत चढवली. पट्टी, तार. गळा न दाबता. त्यांनी दुमडून पाहिलं, पाण्यात वाकवून पाहिलं. मान हलवली. आयुष्यात मला परीक्षेत पहिल्यांदाच कोणी पास केलं.

पंपाच्या एका दांड्याला मी, दुसऱ्याला महादू. पुंजाजींच्या कमरेला एक लोखंडी पाना खोचलेला आणि दोर बांधलेला, दोराचं टोक नारायणकडे. "नयी कोन धरते?" पुंजाजींनी विचारलं, तर काकूंनी पदर खोचला.

"आना. मीच धरीन. तुमी तीस वर्स धरली, मी आज धरते."

पुंजाजी पायऱ्या उतरले. गळ्याएवढ्या पाण्यात थांबले. मग डोकं खाली गेलं. पाण्यावर टोपीएवढा एक बुडबुडा आला, फुटला.

"आई गं," काकू म्हणाल्या. "हे हालते कायची?"

"काय?"

"नयी. हातात टिचकी मारल्यावानी करून राह्यली."

"दम घेऊन राह्यले ते," मी धापा टाकत सांगितलं. "ओढतात तवा डबी उघडते."

काकूंनी नळी दोन्ही हातांत घेतली. दहा वर्षं त्या नळीला त्यांनी शिव्या दिल्या होत्या. आता तिच्याशी बोलू लागल्या. "घेतला. पुन्हा घेतला. बरं हाय. घाई नका करू, कोनी मांगं नाई लागलं. घेतला... अवो भाऊ, पंप मारा ना, हात मोडले काय तुमचे?"

आम्ही मारत होतो. महादू तर असा मारत होता की जणू हवा थेट वांग्यांनाच द्यायची आहे. पाण्यावर बुडबुडे एका जागेहून दुसरीकडे सरकले, भिंतीपाशी नळाजवळ जाऊन थांबले. खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा बारीक आवाज आला.

मग काकू थांबल्या.

"नाई घेतला."

 आम्ही पंप मारतच होतो.

"नाई घेऊन राह्यले. ए... अवो!" त्या वाकून विहिरीत ओरडल्या, "दम घ्या म्हनते ना! सांगतलेलं कधी ऐकाचंच नाई काय तुमाले?"

नारायणनं दोर आवळला. आणि तेवढ्यात काकूंचे हात हलले. "घेतला," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या, पण नळी सोडली नाही. "मोठा घेतला, बाई."

नंतर कळलं की पुंजाजींनी दम रोखून, दोन्ही पाय नळाला लावून, सगळा जोर झडपेत अडकलेल्या वस्तूवर लावला होता. ती वस्तू आता त्यांच्याबरोबर वर आली. आधी हात आला. हातात काळं, कुजलेलं, लांबलचक काहीतरी. मग चष्मा. त्यांनी ते पायरीवर फेकलं आणि तोंडातली बोंडी न काढताच महादूला इंजिनाकडे हात केला.

महादूनं ते उचललं. दोरखंड होता, एकात एक गुंतलेले दोन. गोंडे अजून शाबूत होते.

"हे तं... हे माह्या बैलाचे दावे हायेत!"

सगळ्यांनी गिरजाबाईकडे पाहिलं. म्हातारी जागची हलली नाही.

"हो. म्याच टाकले," ती म्हणाली. "बैल इकले तरी दावं घरचं रायते, हे रीत हाय आपल्या घरची. तुनं गोठा मोडला, मंग ठेवू कुठं? ज्या विहिरीचं पानी त्याहीनं जलमभर ओढलं, तिच्यात ठेवले."

"अवो आई, इंजनाच्या नयात गेले ना ते!"

"मंग? तुह्या इंजनाच्या गयात बांधू काय? ते शेन तरी देते काय?"

महादूनं कपाळाला हात लावला आणि इंजिनाकडे पळाला. नळात पाणी भरलं, चाकाला हिसका दिला. इंजिन खोकलं, भकभकलं, आणि मग त्याचा ठेका लागला. नळ गुरगुरला. आधी नुसती हवा, मग गढूळ चुळका, आणि मग मनगटापेक्षा जाड अशी पाण्याची धार विहिरीकाठच्या थारोळ्यात आपटली. सगळं गाव ओरडत पाटाच्या कडेनं पळत सुटलं, पाण्याच्या पुढे पुढे, पहिल्या वाफ्यापर्यंत. महादू पळाला, नारायण दोर टाकून पळाला, आणि गिरजाबाईसुद्धा कुजलेलं दावं काखेत मारून इंजिनाच्या बाजूनं जरा वळून बसली. मीही पंप सोडून पळालो. पाणबुड्याचा पंप सोडून कोणी पळत नसतं, हे मला अर्ध्या वाटेत आठवलं.

मागे वळून धावलो. पुंजाजी सुखरूप होते. पुढच्याच वर्षी मी दुकान वाशीमला हलवलं, आणि ते नंतरही कैकदा भेटले, बोलले, माझ्या नव्या दुकानातल्या ट्यूबा नापास करून गेले. पण त्यांचं नाव निघालं की मला ते असेच दिसतात, मी विहिरीच्या काठावरून पाहिले तसे.

ते वरच्या पायरीवर बसले होते, पाय अजून पाण्यात. चष्मा कपाळावर. पारबताकाकू एक पायरी वर बसून पदरानं त्यांचं डोकं खसखसा पुसत होत्या आणि बोलत होत्या: या वयात, हे असं, सांगून सवरून, कोणाला काही झालं असतं म्हणजे, आणि तीस वर्षांचं तेल त्या दिव्याचं, ते कोण भरून देणार. पुंजाजी समोर पाण्याकडे पाहत निमूट ऐकत होते. बोंडी अजून त्यांच्या दातांत होती. पंपावर कोणी नव्हतं, म्हणजे तिच्यातून हवेचा कणही येत नव्हता. श्वास ते उघडपणे नाकानं घेत होते.

मी म्हटलं, "पुंजाजी, काढा ना आता ते तोंडातलं."

त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मान हलवली. नाही.